बीट कुणी खाल्लं

बादली रिकामी होती. तळाशी थोडं गुलाबी पाणी, एक लिंबाची बी आणि कुणाचा तरी चुरगळलेला कागदी रुमाल, एवढंच. बीट नव्हतं. त्याने बादली काट्यावर ठेवली. काट्याने बादलीचंच वजन दाखवलं. ती उचलून त्याने काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवली. मग शेजारची गाजराची बादली ठेवून काट्याचं डोकं ठिकाणावर आहे ना ते पाहिलं. ते ठिकाणावर होतं. आता प्रश्न त्याच्या स्वतःच्या डोक्याचा. गेले कित्येक आठवडे बीटाच्या दिवशी जेवढं बीट स्वयंपाकघरातून बाहेर जायचं, जवळजवळ तेवढंच परत यायचं, फक्त थोडं गार होऊन. मधल्या काळात ते मुलांच्या ताटांतून एक चक्कर मारून यायचं. अलीकडे बादली जरा हलकी होत चालली होती खरी, पण हलकी होणं वेगळं आणि हे वेगळं. हे म्हणजे रोज आरडाओरडा करणाऱ्या शेजाऱ्याने अचानक गुळगुळीत आवाजात सुप्रभात म्हणावं तसं.

“काय झालं, सर?” मावशीने वाढपाच्या खिडकीतून विचारलं. मावशी म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघराची मालकीणच. मुलं तिला मावशी म्हणत, शिक्षक म्हणत आणि तिचा नवराही थट्टेने म्हणे.

“बीट कुठे आहे?”

“गेलं.”

“कुठे गेलं?”

“पोटात. आणखी कुठे जातं जेवण? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हालाच ठाऊक.”

“सगळं?”

“सगळं. आता तोंड असं का केलंत? इतके दिवस उरत होतं तेव्हा हेच तोंड, आज उरलं नाही तरी हेच. तुमच्या चेहऱ्याला दुसरं काही येतच नाही का?”

येत होतं. पण त्याला हसायची भीती वाटत होती. शाळेत त्याचं काम उरलेलं मोजण्याचं. मुलांनी काय खाल्लं ते कुणालाच मोजता येत नाही, म्हणून त्यांनी काय टाकलं ते मोजायचं आणि वजा करायचं. त्याने आहारशास्त्रात पदवी घेतली होती, पापणी खाली ओढून रक्ताचा फिकेपणा ओळखायला तो शिकला होता, कुठल्या वयाच्या मुलाला काय आणि कशासाठी लागतं हे तो झोपेतही सांगू शकला असता. मुलांच्या लेखी मात्र तो बादलीसर. बादलीसर आले, बादलीसर गेले, बादलीसर आज चिडलेत. वाईट काही नव्हतं त्या नावात; ती बादलीसुद्धा त्यांच्याच ओळखीची. पण या शुक्रवारी मोठ्या बाई ठरवणार होत्या, की शाळेचं स्वयंपाकघर चालू ठेवायचं की बंद करून बाहेरच्या कारखान्यातून बंद पेट्या मागवायच्या. प्रत्येक मुलाला एक पेटी, आत कप्पे, वर चिकटवलेला कागद, कागदावर आतल्या सगळ्याचं मोजमाप. पेट्यांचा माणूस येऊन नमुना दाखवून गेला होता. पेटीला कसलाच वास नव्हता. मोठ्या बाईंना ते आवडलं होतं. त्यांनी त्याला विचारलं होतं, तुमच्या भाज्या मुलं खातात का, एवढंच सांगा. त्याने या सत्रापुरती मुदत मागून घेतली. एखादी नवी चव मुलाला पुन्हा पुन्हा दिसली पाहिजे, कधी कधी कितीतरी वेळा, तेव्हा कुठे ते तोंड उघडतं, असं तो म्हणाला आणि त्याने मुद्दाम सगळ्यांत अवघड भाजी निवडली. आठवड्यातून तीनदा बीट. लिंबू पिळून, किंचित गूळ लावून, तीळ भाजून, कधी नुसतं उकडून. शाळेला बीटाची शिक्षा झालीय, असं मावशी म्हणायची. आणि आज बादली रिकामी. म्हणजे तो जिंकला. म्हणजे स्वयंपाकघर राहिलं, सकाळी जिन्यावर येणारा फोडणीचा वास राहिला, मावशी राहिली, तो राहिला. इतकं सोपं होतं ते, की त्याने खाली वाकून टेबलाखाली पाहिलं.

टेबलाखाली काही नव्हतं. मग खिडकीतल्या कुंड्या. कुंडीतली माती बोटाने उकरताना त्याला स्वतःची थोडी लाज वाटली, पण थोडीच, कारण या विषयात त्याच्याइतका जाणकार शाळेत दुसरा नव्हता. पडद्याच्या दुमडी. हात धुण्याच्या जागेची जाळी. भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळामागची फट, जिथे हात जातो पण मोठ्या माणसाची नजर जात नाही. कपाटावर ठेवलेला पृथ्वीचा गोल, जो उघडतो हे फार कमी लोकांना माहीत असतं. लहानपणी तो काहीच खात नसे. म्हणजे खाल्ल्यासारखं सगळं करी. घास तोंडात घेई, गालात ठेवी, आईकडे बघून मान हलवी आणि तोबरा भरलेल्या गालांनी सभ्यपणे उठून चालू लागे, आणि मग घरभर त्याची कोठारं. दिवाणाच्या फळीमागे. शिवणयंत्राच्या खणात. जुन्या रेडिओच्या पाठीत, जिथून नंतर महिनाभर बातम्यांना वाटाण्याचा वास येत होता. एकदा घाई झाली म्हणून उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग त्याने बाबांच्या बुटात टाकला, आणि बाबा ते बूट घालून कुणाच्या तरी लग्नाला गेले, आणि परत आल्यावर काही न बोलता बराच वेळ पाय धूत बसले. ते पाय धुणं अजून त्याच्या डोळ्यांसमोर होतं. बाबांची वाकलेली पाठ, साबणाचा फेस, त्यांचं ते न बोलणं, ज्यात राग होता की हसू होतं हे त्याला कधीच कळलं नाही. आणि आता तो इथे, डोक्यावरचे केस विरळ झालेला इसम, शाळेच्या रिकाम्या जेवणघरात गुडघ्यांवर बसून दुसऱ्यांच्या मुलांची कोठारं शोधत होता. सापडलं नाही काही. एक पेन्सिल सापडली, एक दात सापडला. बीट नाही. आणि बीट लपवणं सोपं नसतं. त्याला रंग आहे, ते जिथे जातं तिथे सही करून येतं. भिंतीवर नाही, पडद्यावर नाही, कुणाच्या बाहीवरसुद्धा

“बुटात पाहिलंस का?” संध्याकाळी ताईने विचारलं. ती त्याच्याहून मोठी, दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि आठवड्यातले बरेच दिवस तो तिच्याकडेच जेवायचा. ओट्याशी पाठमोरी उभी राहून ती कांदा चिरत होती, आणि हसण्याने तिची पाठ हलत होती.

“ताई, मी गंभीरपणे बोलतोय.”

“मीही. मुलांचे बूट बाहेर काढून ठेवतात की नाही जेवताना?”

“नाही ठेवत.”

“मग प्रश्नच मिटला.” तिने कांदा कढईत लोटला. “तुला कसलं दुःख झालंय नेमकं? मुलांनी खाल्लं याचं?”

“खाल्लं की नाही तेच कळत नाहीये. एका दिवसात एवढा फरक पडत नसतो. हळूहळू पडतो. मी शिकलोय ते.”

“तू शिकलास. मुलं नाही ना शिकली ते. त्यांना काय माहीत हळूहळू खायचं असतं.”

“आणि शुक्रवारी मी मोठ्या बाईंना जाऊन सांगायचं की सगळी मुलं बीट खातात, आणि उद्या ते कुठल्या तरी नळातून वर आलं तर?”

ताई वळली. तिच्या डोळ्यांत कांद्याचं पाणी होतं आणि त्यातून ती त्याच्याकडे, लहानपणी बघायची तशी, जरा वरून बघत होती. “तुला एक सांगू? आईला सगळं ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“रेडिओ. दिवाण. अरे, शिवणयंत्र तर तिचंच होतं. रोज उघडायची ती. तुला वाढताना ती जास्त वाढायची, लक्षात नाही आलं कधी? मला एक पळी आणि तुला दोन. मी भांडायचे त्यावरून. तर म्हणाली, त्यातलं अर्धं त्याचं नाहीच, ते घराचं आहे.”

कढईतला कांदा गुलाबी होत होता. घराचं आहे. म्हणजे त्याने आयुष्यभर जे आपलं गुपित समजून जपलं होतं, ते आईने आधीच हिशेबात धरून वर वाढलेलं होतं. तो लपवत होता तेही तिच्या वाढण्याचाच भाग होतं. आणि तो जगला होता, वाढला होता, दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा वर सरकत गेल्या होत्या. त्याला जरा फसवल्यासारखं वाटलं आणि जरा, का कोण जाणे, पोट भरल्यासारखं. आईकडे काटा नव्हता. तिने कधी बादली मोजली नाही. ती त्याच्याकडे बघायची. मग तो इतके दिवस कशाकडे बघत होता? बादलीत बघत होता. मुलं समोर बसून जेवायची तेव्हा तो आत, काट्याजवळ, बादल्यांची वाट बघत उभा असायचा.

“आणि मी चुगली करायचे ते वेगळंच,” ताई म्हणाली. “पण तिला नवीन काही कधी सांगता आलं नाही. फार राग यायचा. जेव आता, आणि लपवायचं असलं तर सांग, मी पिशवी देते.”

म्हणून बुधवारी, पुन्हा बीटाच्या दिवशी, जेवण संपता संपता तो जेवणघराच्या दाराशी उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला म्हणाला, जीभ. मुलांना त्यात नवल वाटलं नाही. महिन्यातून एकदा तो त्यांच्या पापण्या बघायचा, नखं बघायचा, दात बघायचा. बादलीसरांना माणसांचे असे सुटे सुटे भाग बघायला आवडतात हे त्यांनी मान्य केलं होतं. जिभा बाहेर आल्या. लांब जिभा, आखूड जिभा, टोकाला फाटलेली एक, थरथरणाऱ्या, उगाच नाकापर्यंत पोहोचू बघणाऱ्या. पूर्वीच्या तपासणीत, बीटाच्या दिवशीसुद्धा, त्या सगळ्या जिभेच्याच रंगाच्या असायच्या. आज त्या गुलाबी होत्या. फार नाही. मधोमध एक फिकट ठिपका, कागदावर शाईचा एक थेंब पडून पसरावा तसा. एकामागून एक, पहिल्या टेबलाची सगळी मुलं, तोच फिकट ठिपका. आणि मग त्याच टेबलावरची शेवटची एक मुलगी आली, दोन घट्ट वेण्या, हातात पाण्याची बाटली, आणि तिने जीभ काढली तर ती मुळापासून टोकापर्यंत गडद, ओठ गडद, हिरड्या गडद, दातांच्या फटींत रंग साचलेला. जणू कुणी आतून दिवा लावला होता. दुसऱ्या टेबलाला पुन्हा तेच. सगळ्या फिकट आणि एक गडद. तिसऱ्यालाही. प्रत्येक टेबलाने आपापला एक प्रतिनिधी निवडून दिल्यासारखं. बादली रिकामी झाली होती, पण मुलांची पोटं बीटाने भरली नव्हती; प्रत्येक टेबलावर एकाच पोटात सगळ्यांचं बीट जात होतं. दोन वेण्यांच्या त्या मुलीला मागे थांबवून त्याने विचारलं, “तू सगळ्यांचं खातेस?”

“खात नाही. घेते.” तिचं नाव मुलांनी वकीलबाई ठेवलं होतं आणि ते तिला शोभत होतं. “मी माझे वाटाणे देते. भात देते. याला गाजर देते.” याला म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या मुलाला, ज्याचे पुढचे चार दात एकदम पडले होते आणि ज्याला सगळे खिंडार म्हणत.

“मला गाजर चावता येत नाही,” खिंडार म्हणाला. “पण मला ते आवडतं. मी चघळतो.”

“म्हणजे तुम्ही अदलाबदल करता. ज्याला जे आवडत नाही ते देऊन टाकायचं.”

“असं नाही देऊन टाकता येत,” वकीलबाई म्हणाली. अडाणी माणसाला समजावून सांगावं तशी ती सावकाश बोलत होती. “आधी एक फोड खाऊन दाखवावी लागते. समोर. चावून, गिळून.”

“का?”

“लोक फसवतात, सर. आवडत नाही म्हणतात आणि खाल्लेलंच नसतं. मग मला कसं कळणार की खरंच आवडत नाही? खोटं आवडत नसलं तर मी माझे वाटाणे का देऊ?”

“रोज?”

“रोज. कालचं आज चालत नाही. आज वेगळं शिजवलेलं असतं.”

“हा नियम कुणी केला?”

“आम्हीच,” ती म्हणाली, आणि खिंडार म्हणाला, “तिनेच,” आणि मग ते दोघं त्यावर वाद घालत वर्गाकडे निघून गेले, आणि तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. समोर रिकामी टेबलं, त्यांवर पाण्याचे ओले गोल. फिकट ठिपका म्हणजे एक फोड. एक फोड, चावून, गिळून, रोज, साक्षीदारांसमोर. त्याने भिंतीवर चित्रं लावली होती, हसणारं बीट, पळणारं बीट, वजन उचलणारं बीट. त्याने वर्गात जाऊन सांगितलं होतं की बीट लाल असतं म्हणून त्याने रक्त होतं असं नाही, पण त्यात इतर कितीतरी कामाच्या गोष्टी असतात, आणि मुलं आदराने जांभया देत ऐकत बसली होती. एका फोडीसाठी त्याने सत्रभर धडपड केली होती, आणि इथे एका मुलीला आपले वाटाणे फुकट जातील अशी शंका आली, एवढ्यावर काम झालं होतं. त्याला हसू येत होतं, पण ते पुरतं बाहेर येईना. कारण मोठ्या बाईंनी विचारलं होतं, मुलं खातात का. आणि याचं उत्तर हो होतं की नाही होतं? एक फोड म्हणजे खाणं का? गाल फुगवून मान हलवणारा एक मुलगा त्याच्या आत उभा होता आणि त्याला सांगत होता, हो म्हण, बादली रिकामी आहे, कोण बघायला येतंय

“बसा,” दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या खोलीत सगळं काटकोनात असे. टेबलावर पेट्यांच्या माणसाने ठेवलेला नमुना अजून तसाच होता, पारदर्शक झाकणाखाली प्रत्येक गोष्ट आपापल्या कप्प्यात, कुणाचा कुणाला धक्का नाही. त्याने सगळं सांगितलं. रिकामी बादली, जिभा, वाटाणे, नियम. सांगताना ते आणखीच विचित्र वाटत होतं.

“म्हणजे मुलं एकमेकांच्या ताटातलं खातात.”

“हो. पण चमच्याने. त्याचाही नियम आहे, हात नाही लावायचा, असं म्हणाली ती.”

“एकाला सर्दी झाली की टेबलाला सर्दी.”

“ते सगळे एका बाकावर डोक्याला डोकं लावून बसतात, बाई. ती सर्दी तशीही होतेच.”

मोठ्या बाईंनी पेटीचं झाकण बोटाने सरळ केलं. ते सरळच होतं. “तुम्ही मला नुसतं हो म्हणू शकला असतात. मी काही जिभा बघायला आले नसते.”

“नव्हतं जमत.”

“आणि आता मी काय समजू? मुलं खातात की नाही?”

“मला माहीत नाही,” तो म्हणाला, आणि इतकी वर्षं शिकून, मोजून, वजा करून आलेलं हे वाक्य त्याला तोंडात हलकं लागलं. “मी इतके दिवस बादलीत बघत होतो. मुलांकडे मी कालपासून बघतोय. तुम्हीही या. उद्या बीटच आहे. ठरवायचं ते जेवताना ठरवा.”

“मी माझा डबा खोलीत खाते.”

“हो.”

“डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, मोजून.”

“हो, बाई.”

शुक्रवारी त्या आल्या. मावशीने त्यांना खिडकीतून ताट दिलं आणि ती म्हणाली, “वाढू का अजून, बाई, लाजू नका,” आणि मोठ्या बाई जराशा लाजल्या. मुलांच्या टेबलाशी बसायला जागा होती ती मुलांच्याच मापाची. त्यांचे गुडघे टेबलाच्या वर आले. सगळं टेबल शांत झालं. तो त्यांच्या समोर बसला, तोही तसाच दुमडून, आणि आज काट्याजवळ कुणीच उभं नव्हतं. ताटात भात, वाटाणे, अंड्याचा अर्धा भाग, गाजर, बीट, सगळं आपापल्या जागी. एक क्षण ते ताट त्याला पेटीसारखंच दिसलं आणि तो घाबरला. मुलं खाली मान घालून सभ्यपणे खात होती. कुणी कुणाला काही देत नव्हतं. मोठ्या बाईंना बघून बाजार उठला होता, आणि आता हे सगळे गप्प बसून आपापलं अर्धं जेवतील, बीट कडेला सारतील, बादली भरेल आणि

“सर, हा देत नाहीये,” वकीलबाई म्हणाली.

फार वेळ दाबून धरलेलं असावं तसं ते बाहेर आलं. तिचे वाटाणे तिने आधीच खिंडारच्या ताटात सरकवले होते आणि चमचा हवेत धरून ती बसली होती.

“काय देत नाहीये?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“बीट. वाटाणे घेतले आणि बीट देत नाही.”

“मी खाणार आहे ते,” खिंडार म्हणाला. दातांच्या जागेतून त्याचे शब्द वाऱ्यासारखे येत होते.

“तुला आवडत नाही.”

“आता आवडतं.”

“कधीपासून?”

“आत्तापासून. नाही, परवापासून. परवा मी विचार केला आणि मग ते आवडलं.”

“मग आधी सांगायचं ना. मी भात कमी घेतला.” ती मोठ्या बाईंकडे वळली, कारण न्याय तिथे बसला होता. “आणि हा एकटा नाही, बाई. तिकडची ती दोघंही आज देत नाहीत. त्या टेबलावर तर कुणीच देत नाही. रोज रोज एक एक खाऊन सगळ्यांना सवय लागलीय. मला आज माझंच बीट मिळालं फक्त.”

“मग तुझे वाटाणे परत घे,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“उष्टे झाले ते.”

“चमचा लागलाय नुसता,” खिंडार म्हणाला. “आणि तुला गाजर देतो की मी. चघळलेलं नाही, आख्खं.”

“गाजर मला माझं आहे.”

टेबलावर आता कुजबुज सुरू झाली होती, मग बोलणं, मग चारही बाजूंनी चमचे हलू लागले, कुणी कुणाला वाटाणे दाखवत होतं, कुणी अंड्यावर हात झाकून बसलं होतं, आणि तो हे सगळं इतक्या जवळून बघत होता की त्याला कुणाच्या तरी गालावरचं भाताचं शीत मोजता आलं असतं, आणि मोजावंसं वाटत नव्हतं. खिंडार बीट खात होता. सोसल्यासारखं नव्हे. एक फोड दाढेत धरून, डोळे किंचित मिटून, रस ओढत, कुणी बघतंय हे विसरून. बीटाला मातीचा वास येतो म्हणणारी मुलं हीच. त्याला एकदम वाटलं की आपण आजवर कधी कुणाला जेवताना पाहिलेलंच नाही.

वकीलबाई मात्र अजून तिथेच होती. तिची नजर हिंडत हिंडत मोठ्या बाईंच्या ताटावर थांबली. तिथे बीटाच्या फोडी कडेला, अगदी काटकोनात, एका रांगेत लावून ठेवलेल्या होत्या.

“तुम्ही ते खाणार आहात का?”

मोठ्या बाईंनी ताटाकडे पाहिलं. “नाही. मला नाही आवडत.”

“मग मला देता? मी अंडं देईन.”

“अंडं नको. असंच घे तू.”

“असं नाही चालत,” वकीलबाई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता, पण नियम नाही. “आधी एक खाऊन दाखवावी लागते.”

टेबल पुन्हा शांत झालं, पण ही शांतता वेगळी होती, तिच्यात कुणी खाली बघत नव्हतं. खिडकीत मावशी पळी हातात धरून उभी. मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, गाल फुगवले नाहीत, नुसतं पाहिलं. त्यांनी सगळ्यांत लहान फोड जेवायच्या काट्याने टोचली. तोंडात घातली. चावली. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी फार जुनं येऊन गेलं, एखाद्या खोलीचं दार कुणी क्षणभर उघडून मिटावं तसं, आणि त्यांनी गिळलं. मग त्या थांबल्या. काटा अजून हातात होता. त्यांनी दुसरी फोड टोचली, ही जरा मोठी.

“एकच पुरते,” वकीलबाई म्हणाली.

“हो,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि ती खाल्ली. आणि तिसरी. मग वकीलबाईने पुढे केलेल्या ताटाकडे बघून, अपराध्यासारख्या पण ठाम आवाजात म्हणाल्या, “मी नाही देत.”

खिंडार इतका हसला की त्याच्या नाकातून वाटाणा आला असं नंतर सगळ्या शाळेत सांगितलं गेलं. तो नुसता ठसकला होता. मावशी खिडकीतून आत गेली आणि आत तिने काहीतरी उगाचच मोठ्याने आपटलं. वकीलबाई पाठ ताठ करून बसली आणि अशा जगात वाटाण्यांचं काय करायचं याचा विचार करू लागली. मग कुणीतरी पलीकडून म्हणालं की मावशीकडे पातेल्यात अजून असेल, आणि ती ताट घेऊन उठलीच.

जेवणानंतर मोठ्या बाई हात धुण्याच्या जागेशी उभ्या होत्या. बोटांना लागलेला रंग त्या अंगठ्याने घासत होत्या आणि तो जात नव्हता. शेजारच्या नळांवर मुलं एकमेकांवर पाणी उडवत होती. तो त्यांच्या मागे जाऊन थांबला. स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज येत होता, नाही म्हटलं ना, संपलं, पातेलं बघ हवं तर, वाकून बघ.

“पेट्यांच्या माणसाला नको म्हणून कळवते,” मोठ्या बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. “तो कारण विचारेल. त्याला काय सांगू मी?”

त्याने विचार केला. त्याच्याकडे पुष्कळ उत्तरं होती, काही तर चांगली होती.

“सांगा,” तो म्हणाला, “बीट कमी पडतंय.”